समोरच्याला वेळ द्या



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, शेतीवर, सातपुड्यातल्या चालीरीतींवर व्याख्यानं झाली. यंदा मी गाडी चालवण्यावर बोलणार म्हटल्यावर संयोजकांपैकी एकजण जरा थबकले. हा विषय आरटीओच्या शिबिरातला, स्मृतिव्याख्यानाचा कसा होईल, असं त्यांना वाटलं असावं. पण ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, ते शेवटपर्यंत सायकलवरून शाळेत जात. सायकलवाल्याला रस्त्यावर काय सोसावं लागतं हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून हा विषय त्यांच्या स्मृतीला साजेसा आहे, असं मी मानतो.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा झाला. तेव्हा धडगावहून नंदुरबारला यायचं तर एसटीची वाट बघावी लागे, नाहीतर पायी खाली उतरावं लागे. आज पाड्यापाड्यात मोटारसायकल पोचली आहे. ही चांगली गोष्ट आहे. बाळंतीण वेळेवर दवाखान्यात येते, पोरगी तालुक्याच्या कॉलेजात जाते, मिरची बाजार उघडायच्या आत नंदुरबारात पोचते. गाड्या आल्या, रस्तेही बऱ्यापैकी झाले. पण रस्त्यावर एकमेकांशी कसं वागायचं हे ठरवायला आपल्याला सवडच मिळाली नाही.

त्याची किंमत आपण मोजतो आहोत. २१ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे कोंडाईबारी घाटात सुरतकडे निघालेली खासगी बस पुलावरून खाली कोसळली. जानेवारी २०२१ मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांची गाडी दरीत गेली. २०२५ च्या दिवाळीत अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली, आणि पुढच्याच महिन्यात देवगोई घाटात विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बस दरीत कोसळली. यातल्या प्रत्येक घाटातून या सभागृहातले कितीतरी जण गेलेले आहेत. कुणाची चूक हे ठरवायला मी उभा नाही. ते तपास यंत्रणेचं काम. मात्र त्या घाटांतून उद्याही आपल्याला जायचं आहे.

देशाचा आकडाही सांगतो. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. दिवसरात्र धरून दर तासाला १९. मरणाऱ्यांत दोन तृतीयांशांहून अधिक जण ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर गेले, आणि दहातले सात मृत्यू अतिवेगाच्या नावावर लिहिले गेले. म्हणजे यातलं बरंचसं मरण मुंबई-पुण्याच्या गर्दीतलं नाही. ते आपल्यासारख्या मोकळ्या रस्त्यांवरचं आहे.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. रस्त्यावरचं सौजन्य म्हणजे समोरच्याला वेळ देणं. हात जोडणं, हसणं, ‘आधी तुम्ही’ म्हणणं हे सगळं छानच. पण वेग आवरणं, अंतर राखणं, इंडिकेटर लवकर देणं, दिवा खाली करणं, या सगळ्यांतून आपण दुसऱ्याला वेळच देत असतो. बघायला वेळ, समजायला वेळ, थांबायला वेळ. तो वेळ सेकंदांत मोजायचा असतो, आणि माणूस त्या सेकंदांवरच वाचतो.

गणित करून बघू. समोर अचानक शेळी आणि तिच्यामागे पोरगा आला, तर ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी ६० च्या वेगात गाडी त्या एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे गेलेली असते. मग ब्रेक लागतो. डांबर कोरडं, टायर चांगले असतील तर आणखी २० मीटर. म्हणजे गाडी साधारण ३७ मीटरवर थांबते. आता तोच रस्ता, तीच गाडी, वेग ८०. पहिल्या सेकंदात २२ मीटर आणि ब्रेक लागल्यावर ३६, एकूण ५८. पण खरी भीतीची गोष्ट पुढे आहे. ६० ने येणारी गाडी ज्या जागी पूर्ण थांबली, त्याच जागी ८० ने येणाऱ्या गाडीचा वेग अजून ६० च्या आसपास असतो. एकाच्या बाबतीत शेळी वाचली आणि पोरगाही वाचला. दुसऱ्याच्या बाबतीत धडक बसली, तीही ताशी ६० ने. वाहत्या पावसात ब्रेकचं अंतर याच्या दीडपट-दुप्पट धरा.

आणि वेगाने जाऊन वाचतं काय? नंदुरबार ते शहादा सुमारे ४० किलोमीटर. सगळा रस्ता मोकळा मिळाला असं धरलं, तरी ६० ऐवजी ८० ने गेल्यावर दहा मिनिटं वाचतात. तसा मोकळा रस्ता मिळत नाही. प्रकाशाच्या पुलाआधी ट्रॅक्टर आडवा येतो, पुढे गावातला गतिरोधक येतो, आणि शहाद्याच्या बसस्टँडवर दोघेही पाच-सहा मिनिटांच्या फरकाने चहा पितात. सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघातांची शक्यता सुमारे चार टक्क्यांनी वाढते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच मिनिटांसाठी हा सौदा कुठला शेतकरी करील?

आता घाटाकडे येतो, कारण आपल्या जिल्ह्याची खरी परीक्षा तिथे आहे. चांदसैली घाटातलं एखादं वळण डोळ्यांसमोर आणा. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला सागाची झाडं आणि खाली दरी. खालून धडगावची एसटी येते आहे. दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन गुरगुरतंय. वरून माल भरलेली पिकअप उतरते आहे. वळण दोघांना एकदम पुरत नाही. कायदा इथे स्पष्ट आहे: अरुंद चढावर उतरणाऱ्याने बाजूला थांबायचं आणि चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कारण साधं आहे. चढणारी गाडी मध्येच थांबली तर तिला पुन्हा चढावावर उचलणं अवघड. क्लच जळतो, गाडी मागे सरकते, मागे दुसरी गाडी असेल तर तिच्यावर जाते. उतरणाऱ्याला थांबणं सोपं. पण बहुतेक वेळा घडतं काय? पिकअपवाला डिपर मारतो आणि ‘मी आलो’ म्हणून घुसतो. एसटीचा ड्रायव्हर चाक कातळाला घासून बस दाबतो. आरसे एकमेकांना चाटून जातात. आतल्या आजीबाई ‘देवा’ म्हणतात आणि गाडी निघून जाते. नव्याण्णव वेळा असं निभावतं, म्हणून आपल्याला वाटतं की हीच पद्धत आहे.

घाटातली दुसरी वाईट सवय म्हणजे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून उतरवणं. कुणी कुणी तर चावीच फिरवतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला मागे धरतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबून ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक नेमका शेवटच्या वळणावर पायाखाली पोकळ लागतो. इंजिन बंद केलं तर ब्रेकला मदत करणारं व्हॅक्यूम दोन-तीनदा दाबल्यावर संपतं आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. ज्या गाडीत वीस माणसं बसली आहेत, ती गाडी पावशेर डिझेलसाठी अशी उतरवणं हा गुन्हा आहे, आणि हा शब्द मी तोलून वापरतो आहे.

हॉर्नचंही तसंच. ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी झाली, कारण त्या अक्षरांनी विनाकारण भोंगा वाजवायला जणू परवानाच दिला होता. गावात, दवाखान्यासमोर, सिग्नलला उभ्या गाडीमागे हॉर्न वाजवून काही साधत नाही. पण घाटातल्या आंधळ्या वळणाआधी एक छोटा हॉर्न द्यायलाच हवा. तिथे तो पलीकडच्याला वेळ देतो.

उजव्या इंडिकेटरचा घोळ तर जीव घेणारा आहे. हायवेवर ट्रकवाला मागच्याला ‘ये पुढे’ म्हणायला उजवा इंडिकेटर लावतो. तोच ट्रकवाला उजवीकडे ढाब्यात वळायचं असतानाही उजवाच लावतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने यातलं काय समजायचं? विसरवाडीच्या पुढे रात्रीच्या वेळी मी हे दोन्ही अर्थ एकाच ट्रककडून एका पाठोपाठ पाहिले आहेत. माझं म्हणणं सरळ आहे: इंडिकेटर फक्त आपण कुठे वळणार हे सांगण्यासाठी. ओव्हरटेक करायचं की नाही हे मागच्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठरवावं. पुढच्याने फक्त डावीकडे राहावं आणि वेग वाढवू नये. कुणी ओव्हरटेक करायला लागलं की आपला पाय ॲक्सिलरेटरवर जड होतो, हा आपल्याकडचा फार जुना रोग आहे.

रात्रीच्या दिव्यांबद्दल थोडंच सांगतो. समोरून गाडी आली की अप्पर खाली करायचा. समोरच्याने केला नाही तरी आपण करायचा, कारण आंधळा झालेला माणूस आपल्याच अंगावर येणार आहे. त्याला धडा शिकवायला आपणही अप्पर लावला, तर त्या क्षणी रस्त्यावर दोन आंधळे ड्रायव्हर असतात.

सध्या उसाचा हंगाम सुरू आहे. पुरुषोत्तमनगर, डोकारे, समशेरपूर इथल्या साखर कारखान्यांकडे रात्रंदिवस ट्रॅक्टर चालले आहेत. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर दोन्हीकडे फुटभर आलेलं वाढं, मागचा दिवा उसाखाली गाडलेला किंवा मुळातच नसलेला. मागून ६०-७० ने येणाऱ्या दुचाकीवाल्याला ही ट्रॉली दिसते तेव्हा ती पंधरा मीटरवर असते, आणि आत्ता आपण बघितलं की पंधरा मीटर तर ब्रेकवर पाय जाण्यातच जातात. ट्रॉलीच्या मागच्या फळीला रिफ्लेक्टरची लाल पट्टी लावली, तर तीच ट्रॉली गाडीच्या दिव्यात शे-दीडशे मीटरवरून चमकते. पट्टीची किंमत एका टायरच्या पंक्चरइतकीही नाही. ज्या ट्रॉलीला पट्टी नाही तिचा काटा करायचा नाही, एवढा एक नियम प्रत्येक कारखान्याने गेटवर पाळला, तर या जिल्ह्यातली कितीतरी घरं वाचतील. इथे कारखान्याशी संबंधित मंडळी बसली आहेत. त्यांना मी हे हात जोडून सांगतो आहे.

आता एक दृश्य, जे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ट्रॉलीचा ॲक्सल मोडतो. ट्रॅक्टर रस्त्यातच उभा. ड्रायव्हर शेजारच्या शेतातून डोक्याएवढे दगड आणतो, ट्रॉलीच्या मागे ओळीने मांडतो, वर निंबाची एक फांदी ठेवतो. इथपर्यंत तो शहाणपणाने वागला. त्याच्याकडे दुसरं साधन नव्हतं. पहाटे फिटर येतो, ॲक्सल बदलतो, ट्रॅक्टर निघून जातो. दगड तिथेच राहतात. फांदी वाऱ्याने उडालेली असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शहाद्याहून कामावरून परतणारा तरुण, मागे बायको, पुढे टाकीवर लेकरू, त्या दगडांवर येतो. दगड मांडणाऱ्याला त्याचं नावही कळत नाही. मला विचाराल तर आपल्या सगळ्या बेपर्वाईचं मूळ या पाच दगडांत आहे. माझी गाडी होती तोवर दगड मोलाचे. माझी गाडी निघाली की रस्ता कुणाचा तरी. ते दगड उचलायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्याने टाकलेले असले तरी आपण उतरून ते बाजूला करावेत. रस्त्यात दगड दिसला आणि आपण वळसा घालून पुढे गेलो, तर पुढच्या अपघातात थोडा वाटा आपला आहे.

आपल्या रस्त्यावर गाड्यांपेक्षा पायी माणसं जास्त आहेत, हे शहरात राहून गाडी शिकलेल्यांच्या लक्षात येत नाही. दिवाळीनंतर ठेलारी मेंढपाळांचे वाडे निघतात; मेंढ्या, घोड्यांवर लादलेला संसार, घोड्यावर बांधलेलं कोकरू, मागून चालणाऱ्या बाया. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेसाठी घोडे येतात. त्यातले कित्येक शेवटचे काही मैल रस्त्याच्या कडेने चालवत आणले जातात. बुजलेला घोडा दोन क्विंटलचा धोंडा घरंगळावा तसा कुठेही जातो, म्हणून त्याच्याजवळ हॉर्न कधी वाजवू नये. गाडी हळू करावी, लगाम धरणाऱ्याकडे बघावं, त्याने मान हलवली की पुढे व्हावं. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. काठी गावच्या राजवाडी होळीला तर सातपुड्यातला माणूस रात्रभर ढोल घेऊन रस्त्यानं चालतो. त्या रात्री रस्ता त्यांचा असतो. आपण तिथे पाहुणे आहोत या भावनेने गाडी चालवायला हवी. पहाटे मिरचीच्या पथारींवर कामाला जाणाऱ्या बाया घोळक्याने रस्ता ओलांडतात, तेव्हा झेब्रा पट्टे शोधत बसू नये. त्या ओलांडतात तोच पट्टा.

पिकअपमधून माणसं नेण्याबद्दल मात्र मला जरा खोलात जायचं आहे, कारण त्यावर शहरातली माणसं फार सहज नाक मुरडतात. दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागातली कुटुंबं ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत जातात. पाड्यापर्यंत एसटी येत नाही. आली तर एक फेरी, तीही सकाळची. मग मुकादम पिकअप पाठवतो. त्यात वीस-पंचवीस माणसं, भांडी, कोंबड्या, लेकरं. त्या माणसांनी हौसेनं ही गाडी निवडलेली नाही. त्यामुळे ‘अडाणी आहेत, लोंबकळतात’ हे बोलणं मला मान्य नाही. पण ज्या गोष्टी त्यांना कुणी सांगत नाही त्या सांगायला हव्यात. एक तर मालाच्या गाडीत माणसाचं ओझं बांधता येत नाही. वळणावर सगळे एका बाजूला कलतात आणि गाडी तिकडेच उलटते. दुसरं, मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेला प्रवासी मेला तर विमा कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल त्या बाजूचे आहेत. म्हणजे मागे राहिलेल्या कुटुंबाच्या हातात विम्याचं सहसा काहीच पडत नाही. हे गणित मुकादमाला नेमकं कळतं, मजुराला कळत नाही. धुळे विभागातल्या नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा या आगारांनी स्थलांतराच्या आणि परतीच्या दिवसांत जादा गाड्या सोडाव्यात, आणि मुकादमाकडून भाडं घ्यावं, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरली पाहिजे. ड्रायव्हरने सौजन्य दाखवायचं, तर त्याच्या हातात तशी गाडीही हवी.

रस्त्याच्या बाबतीतही हेच. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये एक धोरण मान्य केलं, त्याचा गाभा असा की माणूस चुकणारच, म्हणून त्याच्या चुकीला मृत्यूची शिक्षा होणार नाही असा रस्ता बांधायचा. घाटात भक्कम कठडे, वळणावर आरसे, ठळक पांढरी पट्टी, ही सातपुड्यातली मागणी त्याच विचाराची आहे आणि रास्त आहे. ती पूर्ण होईपर्यंत आपण मोकळे सुटलो असं मात्र होत नाही.

हेल्मेटबद्दल भांडण नको. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दुचाकी अपघातात गेले. त्यात मागे बसलेले १४ हजारांच्या वर. हेल्मेटने मृत्यूची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीची दोन तृतीयांशांहून अधिक कमी होते. पोलिस दिसल्यावर घालायचं आणि चौकी गेली की आरशाला अडकवायचं, असं चालतं; पण हेल्मेट आरशाच्या डोक्यासाठी विकत घेतलेलं नाही. आणि सोळा वर्षांच्या पोराला गाडी देणाऱ्या बापांनो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पोराचं प्रेम त्याला गाडी न देण्यातही दिसतं.

ज्यांच्याकडून शिकावं अशी माणसं आपल्याकडेच आहेत. एसटी विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा सत्कार करते. कित्येकांनी पंचवीस-पंचवीस वर्षं धक्का न लावता बस चालवली. अशा एका निवृत्त चालकाला मी विचारलं, इतकी वर्षं कसं जमलं? ते म्हणाले, “समोरचा चुकणारच असं धरून चालायचो. भाऊ, तो चुकला तरी जागा उरली पाहिजे.” पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर, पावसात चार, हे ते कुठल्या पुस्तकातून शिकले नव्हते. पुढची गाडी झाडापाशी गेली की ते मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ मोजत. आपण ते मोजून होण्याआधी झाडापाशी पोचलो तर अंतर कमी आहे. आजच घरी जाताना करून बघा.

शेवटची गोष्ट, अपघात झाल्यावरची. मोलगी किंवा धडगावहून नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात यायला दोन-अडीच तास सहज जातात, म्हणून पहिला मदतीला येणारा माणूस डॉक्टरइतकाच महत्त्वाचा. लोक अजून घाबरतात: पोलिस अडकवतील, कोर्टात खेटे घालावे लागतील. ही भीती आता सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मान्य केले, आणि पुढे मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. नाव सांगायची सक्ती नाही, दवाखान्यात अडवून ठेवता येत नाही, पैसे भरायला लावता येत नाहीत. २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही आहे.

जखमीला ओढून बसतं करू नका, मान सरळ ठेवा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, पाणी पाजू नका. १०८ ला फोन लावा आणि ‘घाटात’ असं मोघम सांगू नका. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. घाटात मोबाईलला रेंज नसते. म्हणून रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरने कुठल्या वळणावर रेंज येते हे आजच बघून ठेवावं, आणि गाडीत एक टॉर्च, एक रिफ्लेक्टरचा त्रिकोण आणि एक स्वच्छ चादर ठेवावी.

आता तुमचे प्रश्न असतील ते घेऊ. पुढच्या रांगेत ट्रॅक्टर चालवणारी मंडळी बसली आहेत. पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.